बीज कोणाचे, नोंद कोणाची? : वनस्पतिविज्ञानातील संशोधन आणि आपली मुले

आपल्या विद्यालयातून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना ‘पुढे काय?’ असे विचारले, की उत्तरे बहुधा ठरलेली असतात. कोणाला जिल्हाधिकारी व्हायचे असते, कोणाला वकील, कोणाला अभियंता, तर कोणाला परिचारिका. ही उत्तरे आम्हांला प्रिय आहेत, कारण त्यांतील प्रत्येकामागे दोन-तीन पिढ्यांचा झगडा उभा आहे. परंतु ‘मी वनस्पतींवर संशोधन करीन’ असे म्हणणारे मूल आम्हांला अध्यापनाच्या इतक्या वर्षांत अभावानेच भेटले. इतिहासाच्या शिक्षकाने वनस्पतिविज्ञानावर लिहावे याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण या विषयाच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो नोंदीचा आहे, आणि कोणाची नोंद होते, कोणाची होत नाही, हे तपासणे हा इतिहासाचाच धंदा आहे.

चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यात नांदेड नावाचे खेडे आहे. मराठवाड्यातले प्रसिद्ध शहर ते वेगळे. या खेड्यात दादाजी रामाजी खोब्रागडे नावाचे दलित शेतकरी राहत. शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. 1983 च्या हंगामात ‘पटेल-3’ या वाणाच्या धानात त्यांना काही लोंब्या निराळ्या दिसल्या. दाण्याचा रंग वेगळा, ठेवण वेगळी. दुसऱ्या कोणी त्या इतर धानाबरोबर कापून टाकल्या असत्या. दादाजींनी त्या बाजूला काढल्या, जपल्या आणि पुढच्या वर्षी बांधीच्या मध्यभागी निराळ्या पेरल्या. रानडुकरांनी उकरू नये म्हणून भोवती काटेरी झुडपांचे कुंपण केले. असे एका वर्षी नव्हे, लागोपाठ अनेक वर्षे केले. दरवर्षी वेचणी, दरवर्षी वेगळी पेरणी, दरवर्षी मूळ वाणाशी तुलना. विद्यापीठातील पैदासकार ज्याला ‘निवड पद्धती’ म्हणतो, ती हीच. फरक इतकाच, की पैदासकाराजवळ वही असते आणि दादाजींजवळ स्मरण होते.

तयार झालेला तांदूळ बारीक, शिजल्यावर मोकळा आणि चवीला उत्तम होता. तो बाजारात गेला तेव्हा व्यापाऱ्यांनी त्या काळी लोकप्रिय असलेल्या मनगटी घड्याळाचे नाव त्याला दिले, ‘एचएमटी’. विदर्भातच नव्हे, शेजारच्या राज्यांतही हे धान पसरले. मुंबईतल्या वाण्याच्या दुकानात ‘एचएमटी कोलम’ मागणाऱ्या गृहिणींपैकी कितीजणींना या नावामागचा माणूस ठाऊक असेल?

पुढचा भाग क्लेशदायक आहे. 1994 मध्ये सिंदेवाही येथील भात संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी दादाजींकडून बियाणे नेले. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने त्याचे शुद्धीकरण करून 1998 मध्ये ते ‘पीकेव्ही एचएमटी’ या नावाने प्रसृत केले. त्या नावात विद्यापीठ आले, घड्याळ आले, दादाजी आले नाहीत. 2005 मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानच्या वतीने राष्ट्रपती डॉ. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. 2010 मध्ये ‘फोर्ब्स’ मासिकाने ग्रामीण भारतातील प्रभावी उद्योजकांच्या यादीत त्यांना स्थान दिले. त्यांनी आणखीही काही वाण निर्माण केले. त्यांतील ‘डीआरके’ या वाणात त्यांच्या नावाची आद्याक्षरे तरी राहिली. आर्थिक ओढाताण मात्र शेवटपर्यंत सुटली नाही. 3 जून 2018 रोजी त्यांचे निधन झाले.

ही कथा सांगून हळहळणे सोपे आहे. आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न असा, की नेमके काय नव्हते? दृष्टी होती, चिकाटी होती, प्रयोग होता, फळही होते. नव्हती ती नोंद. आणि नोंद करू शकणारा, विद्यापीठाच्या टेबलापलीकडे बसून ‘हे बीज यांचे आहे’ असे म्हणणारा आपला माणूस.

1998 मध्ये या बाबतीत कायदाही नव्हता. तो 2001 मध्ये झाला आणि त्याखालील प्राधिकरण 2005 मध्ये अस्तित्वात आले. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम असे त्याचे नाव. या कायद्याने नवे वाण निर्माण करणाऱ्या शेतकऱ्याला पैदासकाराचा दर्जा दिला आणि आपल्या शेतातील बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा, विकण्याचा हक्क मान्य केला. फक्त छापील नाममुद्रेखाली बियाणे विकता येत नाही. आपल्या गावाकडील नातलगांपैकी कोणी वेगळे बियाणे जपून असतील, तर त्यांच्यापर्यंत ही गोष्ट अवश्य पोहोचवावी. मात्र वाणाची नोंदणी व्हायची तर तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. ते वाण इतरांहून वेगळे आहे, त्याची सर्व रोपे एकसारखी येतात आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याचे गुण टिकतात. पानाची रुंदी, लोंबीची लांबी, फुलोरा येण्याचे दिवस, दाण्याचा रंग अशी कितीतरी लक्षणे मोजून, ठरलेल्या नमुन्यात भरून द्यावी लागतात. तिसरी शिकलेल्या शेतकऱ्याला हे एकट्याने साधणार नाही. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या मुलीला ते सहज जमेल. वनस्पतिविज्ञानातील ‘संधी’ असा शब्द आम्ही वापरतो, तेव्हा नोकरीच्या आधी ही जागा आमच्या डोळ्यांसमोर येते.

तरीही आपली मुले या वाटेला का जात नाहीत, याचा विचार वरळीतच करावा लागेल. बीडीडी चाळींत 1920 च्या दशकापासून जी कुटुंबे येऊन राहिली, ती कोकणातून, साताऱ्याकडून, घाटावरून आली. गावी त्यांचा मातीशी संबंध होता, पण तो वेठीचा, वतनाचा, दुसऱ्याच्या शेतातील राबणुकीचा. बाबासाहेबांनी 1918 मध्येच भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला आणि 1937 मध्ये मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, ते शेतीमागची ही गुलामी ओळखूनच. गाव सोडून गिरणीत आलेल्या आजोबांना शेती हा शब्दच नकोसा वाटला असेल, तर त्यांना दोष कसा द्यावा? ‘शिकून पुन्हा चिखलात जायचे का?’ असा प्रश्न पालक आम्हांला विचारतात. प्रश्न रास्त आहे. उत्तर असे, की चिखलात राबणे आणि चिखलाचा अभ्यास करणे यांत मालकीचा फरक आहे.

शिवाय मातीचे ज्ञान चाळीत आले नाही असेही नाही. एकशे साठ चौरस फुटांच्या खोलीबाहेर, सामायिक गॅलरीत, डालड्याच्या डब्यांत लावलेली ओवा, गवती चहा, कोरफड आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली आहे. पावसाळा लागला की दादरच्या बाजारात शेवळे, टाकळा, कुर्डू, भारंगी, फोडशी घेऊन आदिवासी भगिनी बसतात. त्यांतली कोणती भाजी कशी सोलायची, शेवळाचा खवखवणारा गुण काकडाच्या फळाने कसा मारायचा, हे आजही आपल्या आज्यांना विचारावे लागते. ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या चाळींतील पहिल्या 556 कुटुंबांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. घर मोठे झाले याचा आनंद आहेच. त्या डब्यांतील झाडांना नव्या इमारतींत जागा मिळाली की नाही, ते मात्र आम्ही अजून विचारलेले नाही.

आपल्या परंपरेला हा विषय परका नाही. विनयपिटकातील महावग्गात जीवकाची कथा आहे. राजगृहाच्या उकिरड्यावर टाकून दिलेले हे मूल अभय राजपुत्राने वाढवले. जीवक तक्षशिलेला सात वर्षे शिकला. शिक्षण कधी संपेल असे त्याने विचारले, तेव्हा आचार्यांनी त्याला सांगितले की तक्षशिलेभोवती एक योजनाच्या परिसरात फीर आणि जी औषधी नाही अशी वनस्पती शोधून आण. जीवक फिरला आणि रिकाम्या हातांनी परतला. औषधी नाही अशी एकही वनस्पती त्याला आढळली नाही. आचार्य म्हणाले, तुझे शिक्षण पूर्ण झाले. ज्याचा जन्म कोणी नोंदवून ठेवला नाही, त्या मुलाने केलेली ही परिसरातील वनस्पतींची पाहणी होती. आजच्या वर्गीकरणशास्त्रज्ञाचे काम याहून फार निराळे नाही. सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांसाठी आणि पशूंसाठी उपयोगी औषधी वनस्पती, जिथे नव्हत्या तिथे आणवून लावल्याचे लिहिले आहे. राज्यकर्त्याने वनस्पतींची लागवड राजाज्ञेत कोरून ठेवावी, हे आम्हां इतिहासकारांना त्याच्या युद्धांपेक्षा मोठे वाटते.

अलीकडच्या काळातील दोन नावे मुलांना आवर्जून सांगावीत. पहिले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर. वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’मुळे हे नाव मराठी घराघरांत पोहोचले आहे. गुलामगिरीत जन्मलेल्या या मुलाला एका महाविद्यालयाने केवळ तो काळा आहे म्हणून दारातून परत पाठवले. पुढे आयोवाच्या कृषी महाविद्यालयात त्याने वनस्पतींवरील बुरशींचा अभ्यास केला, 1896 मध्ये पदव्युत्तर पदवी मिळवली आणि टस्कीगीच्या संस्थेत जाऊन कापसाने निकस झालेल्या जमिनीत भुईमूग घ्यायला गरीब शेतकऱ्यांना शिकवले. दुसरे नाव डॉ. ई. के. जानकी अम्माळ. केरळातील तलश्शेरी येथे 1897 मध्ये थिय्या या मागास गणल्या गेलेल्या समाजात त्यांचा जन्म झाला. 1931 मध्ये त्यांनी अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली, कोइमतूर येथे उसाच्या संकरावर मूलभूत काम केले आणि सी. डी. डार्लिंग्टन यांच्यासमवेत लागवडीतील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश 1945 मध्ये प्रसिद्ध केला. निवृत्तीनंतर काही काळ त्या मुंबईत, तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रातही काम करीत होत्या. मॅग्नोलियाच्या एका वाणाला त्यांचे नाव आहे. नाव उरते ते असे.

आता वर्तमानाकडे येऊ. 4 मे 2025 रोजी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने जनुक-संपादनाने तयार केलेले भाताचे दोन वाण जाहीर केले. हैदराबादच्या भात संशोधन संस्थेचे ‘डीआरआर धान 100’ अर्थात ‘कमला’ आणि दिल्लीच्या संस्थेचे ‘पुसा डीएसटी राइस 1’. परक्या सजीवाचे जनुक न घालता, रोपाच्या स्वतःच्याच जनुकात नेमका बदल करणारे हे तंत्र आहे. पहिले वाण लवकर तयार होते. दुसरे अवर्षण आणि खारी जमीन सोसण्यासाठी घडवलेले आहे. हा खारेपणाचा प्रश्न आपल्या दाराशी आहे. कोकणातील खाजण जमिनींसाठी पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने पूर्वीपासूनच खार सोसणारे भाताचे वाण दिलेले आहेत. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात बियाण्यांवर किरणांचा मारा करून उपयुक्त उत्परिवर्तने शोधतात. साठाहून अधिक वाण तिथून निघाले. ‘टीएयू-1’ हा उडीद आणि ‘टॅग-24’ हा भुईमूग ही त्यांतली महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या तोंडी बसलेली नावे. त्यांतील ‘टी’ म्हणजे ट्रॉम्बे आणि ‘ए’ म्हणजे अकोला. संस्थांना आपली आद्याक्षरे बियाण्यात घालायची हौस असते, हे आपण वर पाहिलेच. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचे सोयाबीन आणि गहू ‘एमएसीएस’ या नावाने ओळखले जातात, तेही 1946 मध्ये स्थापन झालेल्या त्या संस्थेच्या मूळ इंग्रजी नावाची आद्याक्षरे होत.

नव्या वनस्पतींचा शोध संपला, असा एक समज आहे. तो खोटा आहे. शिवाजी विद्यापीठाच्या परंपरेतील संशोधकांनी विशाळगडावर कंदीलपुष्पाची एक नवी प्रजाती शोधली आणि तिला ‘सेरोपेजिया शिवरायीआना’ असे नाव मिळाले. आपल्या मुंबईचेही एक उदाहरण आहे. सफेद मुसळीचे शास्त्रीय नाव ‘क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम’. त्यातील बोरिव्हिलियानम म्हणजे आपले बोरिवली. फादर सांतापाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्याने तिचे वर्णन केले. सेंट झेवियर्स महाविद्यालयात 1906 पासून चालत आलेले ब्लॅटर हर्बेरियम वरळीहून बसने अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर आहे, आणि आपल्यापैकी फारच थोडे तिथे गेले आहेत.

ज्यांना या वाटेने जायचे आहे त्यांनी दहावीनंतर जीवशास्त्र सोडू नये, ही पहिली गोष्ट. बारावीनंतर दोन फाटे फुटतात. कृषी पदवीसाठी राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा देऊन राहुरी, अकोला, परभणी किंवा दापोलीच्या विद्यापीठाखालील महाविद्यालयांत जाता येते. वनस्पतिशास्त्राची पदवी मात्र मुंबईतच घेता येते. फोर्टमधील 1920 साली सुरू झालेली विज्ञान संस्था किंवा माटुंग्याची महाविद्यालये काही दूर नाहीत. गुण उत्तम असतील तर पुण्याच्या ‘आयसर’ची प्रवेश परीक्षाही द्यावी. संशोधनाचे खरे दार म्हणजे सीएसआयआर-नेट ही परीक्षा, जीवविज्ञान या विषयात. ती वर्षातून दोनदा होते. कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळाली तर 2023 पासून पहिली दोन वर्षे दरमहा 37,000 आणि नंतर 42,000 रुपये मिळतात. चाळीतल्या घरात ही रक्कम काय असते हे आम्ही वेगळे सांगायला नको. अनुसूचित जातींसाठी केंद्राची राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती आहे, पुण्याच्या ‘बार्टी’ची बाबासाहेबांच्या नावाची संशोधन अधिछात्रवृत्ती आहे आणि परदेशी जायचे तर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. केंद्राच्या परदेश शिष्यवृत्तीतून 2022 मध्ये भारतीय इतिहास, संस्कृती आणि समाज यांवरील विषय वगळले गेले. आमच्या विषयावर ही कुऱ्हाड पडल्याचे शल्य आम्हांला आहे. वनस्पतिविज्ञानाला मात्र ते दार उघडेच राहिले.

ही वाट मऊ आहे असे कोणी समजू नये. अधिछात्रवृत्तीची रक्कम वेळेवर यावी म्हणून, यादीत नाव यावे म्हणून, संशोधक विद्यार्थ्यांना आझाद मैदानात धरणे धरून बसावे लागले आहे. नेटचा पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो, मराठीत नाही. म्हणून आठवी-नववीपासून मुलांनी शास्त्रीय शब्द दोन्ही भाषांत लिहिण्याची सवय ठेवावी. कागदपत्रांबाबत एक अनुभव सांगणे आवश्यक आहे. आपल्या एका माजी विद्यार्थिनीचा प्रवेश एका संस्थेत कित्येक आठवडे अडला, कारण तिच्याजवळ राज्याच्या नमुन्यातील नवबौद्ध प्रमाणपत्र होते आणि संस्थेला केंद्राच्या नमुन्यातील अनुसूचित जातीचे हवे होते. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातींचा दर्जा मिळाला हे खरे, पण खिडकीमागील कारकून कायदा नव्हे, नमुना पाहतो. त्या मुलीने हट्ट सोडला नाही, कागद आणला, प्रवेश घेतला. आज ती एका गवताच्या मुळांवर काम करीत आहे. पालकांनी दोन्ही नमुन्यांतील प्रमाणपत्रे आणि जात वैधता बारावीतच काढून ठेवावी.

लहान वर्गांतील मुलांसाठी काम आजच सुरू करता येते. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात आपण सहली नेतोच. भायखळ्याच्या राणीबागेत गेल्यावर पेंग्विन पाहून झाले, की मुलांना गोरखचिंचेच्या बुंध्याशी उभे करावे आणि त्याचा घेर दोरीने मोजायला लावावा. चिंचपोकळी, भेंडी बाजार, वडाळा, उमरखाडी या नावांतील झाडे आज त्या त्या जागी किती उरली आहेत, याची पाहणी दोन रविवारांत होऊ शकते आणि तो आठवीचा उत्तम प्रकल्प ठरतो.

आणि येत्या पावसाळ्यात विद्यालयाच्या प्रयोगशाळेत आम्ही रानभाज्यांचे संग्रहपत्रक करणार आहोत. रीत साधी आहे. फुलासह, शक्यतो मुळासह एक फांदी घ्यावी. पाने उलटसुलट दिसतील अशी वर्तमानपत्राच्या घडीत पसरावी, वर वजन ठेवावे आणि कागद रोज बदलावा. आठवडा-दीड आठवड्यात ती वाळते. मग ती जाड कागदावर टाक्यांनी पक्की करून उजव्या कोपऱ्यात चिठ्ठी लावायची. चिठ्ठीवर वनस्पतीचे गावाकडचे नाव, शास्त्रीय नाव, कुठे सापडली, कोणत्या तारखेला आणि ही ओळख कोणी सांगितली, म्हणजे आजीचे पूर्ण नाव. त्याखाली ‘संग्राहक’ असा शब्द आणि मुलाची सही. माजी विद्यार्थ्यांनी गावी गेल्यावर नमुने आणले तर तेही घेऊ. जुनी वर्तमानपत्रे आणि जाड पांढरा कागद विद्यालयात आणून ठेवला आहे.